सातपुड्यातले विखुरलेले पाडे एकत्र वसवूनच सोयी द्याव्यात का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांत वस्ती विरळ आहे, म्हणून आधी पाडे एका जागी आणावेत का, असं तुम्ही विचारलंय. नाही. हा आग्रह ऐकला की माझं डोकं तापतं. भिल्ल-पावऱ्यांचं घर शेतातच असतं, कारण ज्वारी-मका रानडुकरांपासून राखावा लागतो आणि शेणखत दारातूनच वावरात जातं. घर चार किलोमीटर हलवलंत तर वावर ओसाड पडेल.

चूक निकषात आहे. आदिवासी डोंगरी भागात आरोग्य उपकेंद्र 3,000 लोकसंख्येला मिळतं. चौरस किलोमीटरला 100 माणसं धरली तर एका उपकेंद्राच्या वाट्याला 30 चौ. किमी येतात, टोकाचा पाडा सरळ रेषेत 3 किमीवर. कागदावर छान. प्रत्यक्षात मध्ये नाला, उतरा आणि पुन्हा चढा. सपाटीला ताशी 5 किमी धरा, दर 600 मीटर चढाला एक तास वाढवा. कडेवर तापानं फणफणलेलं पोर असेल तर आणखी वेळ. म्हणून वर्तुळं काढू नका, मिनिटं मोजा. 1:50,000 चा नकाशा घ्या, गावातल्या माणसाबरोबर चालून पायवाटा, हातपंप, पाड्यांची नावं भरा. ऑगस्टमध्ये पुन्हा चाला. उन्हाळ्यातली चाळीस मिनिटांची वाट तेव्हा नाल्यापाशीच संपते.

पैसा आधी त्या नाल्यावर घाला. डांबराचे दोन किलोमीटर कमी झाले तरी चालतील. मोरीला, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेला, 600 मिमीचे पाइप टाकतात, पहिल्याच पुरात पालापाचोळा आणि ओंडके अडकून ते तुंबतात, पाणी भरावावरून जातं आणि भराव वाहून जातो. 1,000 मिमीच्या खाली जाऊच नका, वरच्या-खालच्या दोन्ही तोंडांना दगडी पिचिंग (दगड बसवून अस्तर) करा.

मोलगी, धडगावच्या बाजाराला माणसं तेल-मीठ घ्यायला, आमचूर विकायला तशीही येतात. लसीकरण, तलाठी, बँकेचा माणूस त्याच दिवशी तिथेच बसवा.

शस्त्रक्रिया, दहावीपुढचं शिक्षण मात्र एकाच ठिकाणी हवं, ते पाड्यापाड्यावर परवडत नाही. शहादा-रावेरकडे तापीकाठी गावं दाट आहेत, तिथे हा हिशेब लावू नका. आणि नर्मदाकाठी, सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या कडेला, बोट हाच रस्ता: तिथे पक्का धक्का बांधलात तर पाणी उतरल्यावर तो चिखलाच्या वर लटकतो. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी 138.68 मीटर, तिथपासून खालपर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्या बांधा.