स्मरणिकेत डॅश नीट कसा टाइप करायचा?

तुम्ही विचारलंय की शिवाजी पेठेतल्या तालमीची स्मरणिका टाइप करताना डॅशच्या जागी सगळीकडे आखूड रेघच येते, आणि ऑफिसातल्या विंडोजवर आल्ट धरून १५१ दाबलं तर डोक्यावर तिरकी रेघ असलेलं इंग्रजी यू उमटतं. घरी मॅक आहे, तिथे काय करायचं, हेही हवंय.

कीबोर्डावर शून्याशेजारी आहे ती संयोगचिन्हाची कळ. ‘माय-लेकी’साठी ती बरोबर. शाहू महाराजांची कारकीर्द ‘१८९४–१९२२’ लिहायची किंवा ‘कोल्हापूर–सांगली रस्ता’ म्हणायचं तर मधल्या लांबीचा एन डॅश लागतो. वाक्य मध्येच तोडायला सगळ्यात लांब एम डॅश, म्हणजे आपलं अपसारणचिन्ह. तिन्ही चिन्हं वेगळी, त्यांचे कोडही वेगळे.

विंडोजवर तुमचं सुरुवातीचं शून्य राहतंय. ते गाळलं की विंडोज डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या संगणक प्रणालीच्या) काळातलं चिन्हांचं जुनं कोष्टक उघडतं आणि त्यात १५१ ला ते यू आहे. नम लॉक सुरू करा, आल्ट धरून ठेवा, उजवीकडच्या नंबर पॅडवर ०१५० (एन) किंवा ०१५१ (एम) दाबा आणि मगच आल्ट सोडा. वरच्या ओळीतले आकडे इथे चालत नाहीत. लॅपटॉपला नंबर पॅड नसेल तर या वाटेला जाऊच नका. विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकदम दाबा; उघडणाऱ्या खिडकीत चिन्हांच्या टॅबमध्ये दोन्ही डॅश मिळतात.

वर्डमध्ये काम असेल तर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते असं: २०१३ (एन) किंवा २०१४ (एम) टाइप करून लगेच आल्ट आणि एक्स. मी इथे आकडे देवनागरीत लिहिलेत, पण टाइप करताना इंग्रजी कीबोर्ड निवडून इंग्रजी आकडेच टाका. आणि सालांच्या मध्ये हे करताना जपा. साल इंग्रजी आकड्यांत असेल आणि त्याला चिकटून कोड लिहिला, तर वर्ड सालाचे आकडेही कोडातच धरतो. अशा वेळी शेवटचे चार आकडे सिलेक्ट करून मग आल्ट-एक्स दाबा. साल देवनागरीत असेल तर ही अडचण येत नाही.

मॅकवर हे फार सोपं आहे. इंग्रजी कीबोर्ड निवडून ऑप्शन आणि संयोगचिन्हाची कळ दाबली की एन, सोबत शिफ्टही धरलं की एम. मोबाइलवर संयोगचिन्ह दाबून धरा, दोन्ही डॅश वर येतात.

मराठी इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कीबोर्ड मांडणी) वापरत असाल तर संयोगचिन्हाच्या याच कळीपाशी एक खड्डा आहे. शिफ्ट धरून ती दाबली की विसर्ग येतो. तो अपूर्णविरामासारखाच दिसतो, म्हणून ‘वेळ:’ लिहिताना बरेच जण विसर्ग ठोकतात आणि ‘दुःख’मध्ये उलट अपूर्णविराम. छापल्यावर जागेच्या फरकाने ते डोळ्याला खुपतं, शिवाय फाइलमध्ये ‘दुःख’ शोधायला गेलात तर तो शब्द सापडतच नाही.

अवतरणचिन्हं वर्ड आपोआप वळवतो, पण ’९८ च्या बॅचसारख्या ठिकाणी चिन्ह उलटं, उघडणारं येतं. तिथे चिन्ह दोनदा टाइप करून पहिलं खोडा.

आता छपाईचं. फाइल देण्याआधी प्रेसमध्ये एकच विचारा: काम युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीत) करणार की श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये? जुन्या फाँटमध्ये इंग्रजी चिन्हांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे तुमचा डॅश तिकडे गेल्यावर भलतंच अक्षर होऊ शकतो. फाँट बदलून घेतल्यानंतरचं प्रूफ मागवा आणि त्यात आधी सालं, मग अवतरणचिन्हं तपासा. पहिला मार तिथेच बसतो, आणि देणगीदारांच्या यादीपेक्षा इतिहासाच्या पानांवर तो जास्त, कारण सालं तिथेच असतात.