साठ घोड्यांची गाडी आणि आगोटीची बेगमी

गुहागर तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६. घरात आई, बायको आणि तिसरीतली मुलगी. समुद्राजवळ दोन खोल्यांचा होमस्टे, मागे हापूसची कलमं. होमस्टेतून खर्च वजा जाता वर्षाला २,८०,००० सुटतात, तेही ऑक्टोबर ते मे या काळात. आंबा लागला तर वर लाखभर. बायको खासगी दवाखान्यात नर्स, पगार २१,०००. घरखर्च महिना ३२,००० आणि होमस्टेच्या कर्जाचा हप्ता ९,८००. बचत खात्यात ६०,०००, शिवाय १,४०,००० ची मुदत ठेव. आणि पूर्वी जिथे गोठा होता तिथे, ताडपत्रीखाली, २००१ ची सॅन स्टॉर्म.

विचारणा अशी: 'गाडीला टर्बो बसवायचा आहे. गॅरेजवाल्याने १,४८,००० सांगितलेत. ६०,००० हातात आहेत. बाकीचे ९०,००० पतसंस्थेकडून १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेऊ, बायकोच्या पाटल्या तारण ठेवू, की पीककर्जातून वळवू? मॅनिफोल्डसाठी (इंजिनातला धूर टर्बोकडे नेणारा जोड) ५,००० अ‍ॅडव्हान्स देऊन झालाय. पावसाआधी काम उरकायचं आहे.'

सॅन स्टॉर्म हे नाव वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी: १९९८ मध्ये आलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या बॉडीची देशी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद ६० अश्वशक्ती. दिसायला स्पोर्ट्स कार, पळायला हॅचबॅक. तेव्हा तुमची तगमग कळते. माझ्याकडेही एक जुनी येझदी आहे आणि तिच्यावर आजवर किती गेले, हा आकडा मी घरात नीट सांगितलेला नाही.

पण हिशोब तुमचा करायचा आहे. तुम्ही मे महिन्यात लिहिताय, खातं भरलेलं दिसतंय, आणि म्हणून ते ६०,००० तुम्हाला शिल्लक वाटताहेत. जून ते सप्टेंबर घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ४१,८००, म्हणजे चार महिन्यांचे १,६७,२००. त्या काळात येणार फक्त वहिनींचा पगार, ८४,०००. तूट ८३,२००. म्हणजे ते ६०,००० तुमच्या आगोटीच्या बेगमीलाच पुरत नाहीत, वर २३,२०० ठेवीतून काढावे लागतील. आपल्या आया मे महिन्यात सुकी मासळी, कडधान्यं, लाकूडफाटा भरून ठेवायच्या. ती बेगमी बघून 'घरात माल फार झालाय, थोडा विकू' असं कोणी म्हणत नव्हतं.

आता त्यावर पतसंस्थेचा हप्ता चढवा. ९०,००० ला १४ टक्क्यांनी ३६ महिने, हप्ता साधारण ३,०७६. एकूण व्याज २०,७०० च्या आसपास. खरं सांगायचं तर व्याज भयंकर नाही. भयंकर आहे ते वेळापत्रक. तुमची गाडी उघड्या टपाची. कोकणातल्या पावसात ती चार महिने ताडपत्रीखालीच राहणार. ३६ पैकी १२ हप्ते तुम्ही उभ्या गाडीचे भरणार, आणि तेही नेमके घरात पैसा नसतानाचे. पावसाआधी टर्बो बसवायची घाई मला म्हणूनच समजली नाही.

कोटेशन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या इंजिनवाल्याला दाखवलं. त्याने वाचून पहिलं विचारलं, 'पेट्रोल कोण वाढवणार?' टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा दाबून भरतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार. त्यावर ०.४ बार दिला तर कागदावर चाळीस टक्के जास्त हवा, म्हणजे ६० चे ८४ घोडे. प्रत्यक्षात त्याहून कमीच. पण हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढावं लागतं, नाहीतर मिश्रण पातळ होतं, आत ठोके पडतात आणि पिस्टन वितळतो. त्यासाठी पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, पंप, नवा किंवा जोड ईसीयू (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ट्यूनिंग लागतं. तुमच्या कोटेशनमध्ये टर्बो, मॅनिफोल्ड, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, पाइप आणि मजुरी आहे. पेट्रोल वाढवायला लागणाऱ्या वस्तूंपैकी मात्र एकही नाही.

त्याच्या अंदाजाने वरचा खर्च असा: ईसीयू आणि ट्यूनिंग ५५,०००, इंजेक्टर-पंप १४,०००, क्लच ११,०००, रेडिएटर आणि ऑइलच्या लाइनी ९,०००, आणि गाडी टोइंगवर दोन खेपा कोल्हापूरला नेण्या-आणण्याचे २४,०००. बेरीज १,१३,०००. तुमचा दीड लाखाचा टर्बो २,६१,००० ला जातो. आणि कोटेशनमधला 'भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो' हे वाचून तो हसला. पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो. डिझेलसाठी बनवलेला छोटा टर्बो तिथे किती टिकेल, याची हमी कोणी देणार नाही. इंजिन बिघडून बंद पडलं तर सॅन स्टॉर्मचे पार्ट शोधायला किती फिरावं लागतं ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. दारावरच्या एका रबरासाठी तुम्ही चार महिने गोव्याला फोन करत होतात.

कायद्याचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो, कारण तोही पैशाचाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड एकवेळ भराल. पण न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. शिवाय तुमचं नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याचं शुल्क १०,००० झालंय, पर्यावरण कर वेगळा. तिथे तपासणीला बॉनेट उघडल्यावर टर्बो दिसला, तर पुढचं संभाषण तुम्हाला आवडणार नाही.

कर्जाच्या तीन वाटांपैकी पीककर्जाची वाट आजच सोडा. वेळेत फेडलं तर व्याजसवलतीमुळे ते फार स्वस्त पडतं, म्हणून मोह होतो. पण ते फवारणी, खत आणि राखणीचं आहे. मोहोराच्या वेळी औषधाला पैसे नसले तर आंबा जातो आणि कर्जही थकतं. एकदा थकलं की ती व्याजसवलतही गेली. पाटल्यांवरचं सोनेतारण पतसंस्थेपेक्षा स्वस्त पडू शकतं, मान्य. पण पाटल्या वहिनींच्या आहेत आणि पत्रात 'तिला विचारलं' असं कुठेच लिहिलेलं नाही.

मुदत ठेवीला तर हातच लावू नका. पावसाळ्याची तूट भागवून तिच्यात १,१६,८०० उरतात, म्हणजे तीन महिन्यांचाही खर्च पुरा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. बाग आणि होमस्टे दोन्ही एकाच किनाऱ्यावर असताना एक वादळ दोन्ही उत्पन्नं एकदम नेतं. नोकरदाराला मी सहा महिन्यांची तरतूद सांगतो, तुम्हाला आठ सांगेन. हवामान आधारित फळपीक विमा काढलाय का, तेही कळवा.

मग गाडीचं काय? विकू नका, इतक्या कमी दिसणाऱ्या गाडीला मूळ अवस्थेतच गिऱ्हाईक मिळतं, हे लक्षात ठेवा. यंदा पावसाळाभर ती झाकून ठेवा, बॅटरी काढून. दिवाळीची गर्दी झाल्यावर, हातात आलेल्या पैशातून, २५,००० ते ३०,००० पर्यंत तिच्यावर खर्च करा, एक रुपया कर्ज न काढता. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते माहीत नसेल तर तो आधी. मग पेट्रोलचे रबरी पाइप: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००१ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. प्लग, कूलंट, चांगले टायर. बॉडी फायबरची म्हणून निर्धास्त राहू नका, खालचं लोखंड खारी हवा खातेच. एकदा लिफ्टवर चढवून बघून घ्या. नीट ट्यून झालेले ६० घोडे हेदवी-वेळणेश्वरच्या वळणांना कमी पडत नाहीत. त्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरच्या पुढे जायला जागा कुठे आहे?

पुढच्या दोन हंगामांत ठेव साडेतीन लाखांवर गेली आणि तेव्हाही टर्बोच हवा असं वाटलं, तर आधी आरटीओकडून लेखी काय मिळतं ते बघा आणि मग मला पुन्हा लिहा. मी नाहीच म्हणेन असं नाही.

ते मॅनिफोल्डचे ५,००० मात्र या आठवड्यातच मागा. काम सुरू झालं नसेल तर मिळतील. गॅरेजवाल्याने रोख द्यायला का-कू केली, तर त्याच पैशांत त्याच्याकडून ब्रेकच्या चारही नळ्या बदलून घ्या.