पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून शेवटी माळीकाम?

ताई, राग मानू नका, पण पत्र वाचून आधी हसूच आलं. लेक बीआर्कच्या चौथ्या वर्षाला आहे, पुढे युरोपात लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजे बागा, चौक अशा मोकळ्या जागांचं डिझाइन, करायचं म्हणते आणि घरात सगळे म्हणतायत की माळीच व्हायचं होतं तर एवढी फी कशाला भरली.

अहो, तिथे हे काम आता नुसतं लॉन आणि कारंज्यांचं राहिलेलं नाही. कोपनहेगनला २ जुलै २०११ ला दोनेक तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, तळघरं भरली, रस्ते बुडाले, आणि पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीचा आराखडा केला. मग टोसिंगे चौकातलं डांबर उखडून तिथे उताराची बाग केली, मोठ्या उलट्या छत्र्या उभ्या केल्या, त्यात पावसाचं पाणी जमतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला बेंथेमप्लाइन म्हणून चौक आहे, २०१३ चा, कोरड्या दिवशी पोरं त्याच्या खोलगट कोर्टावर बास्केटबॉल खेळतात आणि जोराचा पाऊस आला की तेच कोर्ट हौद होतं. तुम्ही तर नाशिकच्या, दुतोंड्या मारुतीवरून पूर मोजणाऱ्या, तुम्हाला हे वेगळं काय समजवायचं!

तिथली नवी मुलं याच कामाकडे वळतायत, पाणी, माती, उन्हाने तापणारे चौक, जुने दगड परत वापरणं, आणि दहा वर्षांनी हे झाड कोण सांभाळणार हा प्रश्न. काम भरपूर दिसतंय मला. पण गुलाबी चित्र नको. जर्मनीत लँडस्केप आर्किटेक्ट ही उपाधी कायद्याने राखीव आहे, नुसत्या डिग्रीवर नावापुढे लावता येत नाही, साधारण दोन वर्षं काम करून आर्किटेक्टांच्या चेंबरमध्ये, म्हणजे त्यांच्या अधिकृत संस्थेत, नोंदणी करावी लागते, आणि पालिकेची कागदपत्रं सगळी जर्मनमध्ये. म्हणून भाषा आत्ताच सुरू करा, व्हिसा आल्यावर नाही. जर्मनीत शिक्षण फुकट हेही आता सगळीकडे खरं नाही, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून आपल्यासारख्या बाहेरच्या मुलांना फी लावलीय, तेव्हा अर्जाआधी फीचं पान नीट बघा.

पोर्टफोलिओत कॉम्प्युटरवर केलेली तीच ती थ्रीडी रेंडर्स नकोत. या पावसाळ्यात तिला छत्री आणि वही देऊन तुमच्या भागात पाणी तुंबतं तिथे उभी करा, पाणी कुठून येतं, कुठे अडतं ते हाताने काढू दे. आणि सुट्टीत महिनाभर एखाद्या नर्सरीत पाठवा, कुठलं रोप पाण्यात कुजतं आणि कुठलं तगतं हे तिला माळीच सांगेल.