सातबाऱ्यावर तिचे नाव

प्रश्न : माझे वय ६४ आहे आणि पत्नीचे ५८. आमच्या लग्नाला यंदा ४० वर्षे झाली. धाराशिव जिल्ह्यात आमची साडेचार एकर जमीन आहे. त्यातील तीन एकर मला वाटणीत मिळाली आणि दीड एकर आम्ही दोघांनी डेअरीला दूध घालून, दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाऊन विकत घेतली. सातबारा मात्र सगळा माझ्या एकट्याच्या नावावर आहे. गेल्या हंगामात माझा पाय मोडला होता, म्हणून सोयाबीन घेऊन ती खरेदी केंद्रावर गेली, तेव्हा ‘ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यालाच पाठवा’ असे सांगून तिला परत पाठवले. तेव्हापासून तिचे नाव लावावे असे मनात आहे. मुलगा म्हणतो, शेवटी सगळे आम्हालाच येणार, मग हा खटाटोप कशाला? तिला विचारले तर म्हणते, ‘तुम्ही आहात ना, मला कशाला पाहिजे नाव?’ मी काय करावे?

उत्तर : नाव जरूर लावावे, आणि ते याच वर्षी लावावे.

आपण शेतकरी आहात, म्हणून आपल्याच कामातली एक गोष्ट आठवून देतो. बैलांच्या तिफणीने पेरणी होत असे तेव्हा कासरा आपल्या हाती असेल, पण चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ बहुधा आपल्या पत्नीने धरली असेल. मूठ सैल पडली की दाट उगवते, आवळली की विरळ. तास संपेपर्यंत बैलांच्या चालीशी हात जुळवून ठेवावा लागतो. ज्या हातातून बी जमिनीत गेले, त्या हाताचे नाव सातबाऱ्यावरील पीकपेऱ्यात नाही, आणि म्हणूनच स्वतः खुरपलेल्या, स्वतः रास केलेल्या सोयाबीनची पोती घेऊन त्यांना केंद्रावरून माघारी यावे लागले. केंद्रावरचा माणूस कदाचित नियमानेच वागला असेल, परंतु तो कागद पुरा करणे आपल्या हातात आहे.

त्यासाठी शासनाचा मार्ग बराच जुना आहे. १९८६ साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. त्यानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ ही मोहीम गावोगावी नेली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी आपण होऊन पत्नीच्या नावे जमीन केली. पुढे १९९२ मध्ये राज्य शासनाने याच नावाने निर्णय काढला. त्यानुसार पतीने अर्ज केल्यास त्याच्या जमिनीवर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. हा निर्णय असूनही गावात त्याची माहिती फार थोड्यांना असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे द्यावा. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरील बदलाची, नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. दीड एकर आपल्या कमाईची असल्याने तिथे अडचण दिसत नाही. वाटणीच्या तीन एकरांत मुलांचा जन्मसिद्ध हक्क निघू शकतो, आणि हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीपासून मुलींचाही. म्हणून अर्जापूर्वी सगळ्यांना एकत्र बसवून सांगावे. मात्र त्याच बैठकीत मुलींकडून हक्कसोड मागू नये. आईचे नाव लावताना लेकीचे काढायचे, हे बरे दिसत नाही.

‘शेवटी आम्हालाच येणार’ हे मुलाचे म्हणणे अर्धेच खरे आहे. आपल्या माघारी आपल्या पत्नी मुलामुलींइतक्याच वारस ठरतील, पण वारसनोंद होईपर्यंत पेरणी थांबत नाही आणि पीककर्जाची तारीखही थांबत नाही. ऐन दुःखात एखाद्या बाईला कागदासाठी हेलपाटे घालावे लागतात, ते आपण गावात पाहिले असेल. शिवाय दोघांची नावे असली की दोघांच्या सह्यांशिवाय सगळी जमीन विकता येत नाही, हा म्हातारपणी त्यांना मोठा आधार राहील.

आता त्यांच्या ‘मला कशाला’बद्दल. ४० वर्षे ज्या बाईने आधी सगळ्यांना वाढून मग स्वतःचे ताट घेतले असेल, तिला विचारल्यावर ती दुसरे काय म्हणणार? त्यांचा आपल्यावर विश्वास आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ‘तुम्ही आहात ना’ याचे उत्तर आपण असतानाच द्यायचे असते. त्यांना ‘नाव लावू का’ असे विचारू नका. ‘उद्या आपल्याला सज्जावर (तलाठ्याच्या कार्यालयात) जायचे आहे’ असे सांगा आणि सोबत घेऊन जा.

जाताना त्यांचे आधार कार्ड न विसरता घ्या आणि फेरफारात नाव त्याप्रमाणेच लिहिले आहे का, ते तिथेच वाचून पाहा. एका अक्षराच्या फरकाने पुढे बँकेत अडते. घराची नोंदही पाहून घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, पतिपत्नी दोघांचे नाव लावता येते, त्यासाठी ग्रामसेवकांकडे, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, वेगळा अर्ज करावा.