इतिहासलेखनाचा वाद आणि मुलीचे एम.ए.

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो, मी बँकेत नोकरीला आहे. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असून तिला इतिहासातच एम.ए. आणि पुढे पीएच.डी. करायची आहे. आपला इतिहास इंग्रजांनी त्यांच्या सोयीने लिहिला, तो नव्याने लिहायला हवा, असे ती रोज जेवताना ऐकवते. तिचे एक प्राध्यापक तिला दुजोरा देतात, दुसरे मात्र हे सगळे राजकारण असल्याचे सांगतात. या वादात पडून तिच्या पोटापाण्याचे काय होणार, आणि ती कुणाच्या तरी गोटात ओढली जाणार नाही ना, याची मला काळजी वाटते.
— एक पालक

उत्तर : महोदय, सप्रेम नमस्कार.

आपण पोटापाण्याचा प्रश्न आधी विचारला आहे, पण मी गोटाचा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

मुलीचे म्हणणे निराधार नाही. हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश अशी भारताच्या इतिहासाची तीन खंडांत विभागणी रूढ झाली ती जेम्स मिल यांच्या १८१७ सालच्या ग्रंथामुळे, आणि हे गृहस्थ भारतात कधी आले नव्हते, येथील भाषाही त्यांना येत नव्हत्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांना मात्र तोच ग्रंथ अभ्यासाला असे. कंपनीचेच एक अधिकारी हेन्री इलियट यांचा हेतू तर त्याहून उघड होता. फारसी तवारिखांतले, म्हणजे इतिहासग्रंथांतले, उतारे इंग्रजीत आणले की येथील प्रजेला इंग्रजी राज्याचे फायदे नीट उमगतील, असे त्यांनी प्रस्तावनेतच लिहून ठेवले. त्यांच्या पश्चात जॉन डाउसन यांनी ते काम १८६७ ते १८७७ या काळात आठ खंडांत पुरे केले, आणि पुढे कित्येक पिढ्यांनी मध्ययुगीन भारत त्या वेच्यांतूनच वाचला. तेव्हा ‘हे सगळे राजकारण आहे’ असे म्हणून हा विषय झटकून टाकणाऱ्या प्राध्यापकांशी मी सहमत नाही.

पण या लेखनाला खरे उत्तर कोणी आणि कसे दिले, हे आपल्या मुलीने पाहायला हवे. साताऱ्यास कंपनीचे प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि लवकरच ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठीतही आला. त्यावर पहिली सविस्तर टीका केली ती नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने. ती १८६८च्या सुमारास ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये छापून आली. ‘लेखक इंग्रज, म्हणून ग्रंथ खोटा’ एवढ्यावर कीर्तने थांबले नाहीत. डफ यांनी कोणती साधने वापरली, कोणती सोडली आणि मूळ कागद आता कुठे आहेत, असे त्यांचे प्रश्न होते. वि. का. राजवाड्यांनी त्यापुढे जाऊन १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली आणि त्यांचे बावीस खंड झाले. इलियट-डाउसनच्या खंडांची झडती घेतली ती शापुरशाह होडीवाला या पारशी विद्वानांनी. १९३९ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात नावांचे, तारखांचे आणि भाषांतराचे दोष पानामागून पान दुरुस्त केलेले आढळतात. त्यात आवेश औषधालाही नाही, आणि म्हणूनच अभ्यासकांना तो आजही जवळ ठेवावा लागतो.

मूळ कागद वाचता येऊ लागले की वादाचा सूर कसा बदलतो, हे एका तपशिलावरून सांगतो. जुने मराठी कागद ज्या मोडी लिपीत आहेत, तीत लिहिताना आधी ओळीची रेघ सलग ओढतात आणि मग अक्षरे तिला लटकवत जातात. दोन शब्दांत जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. पेशवाईतल्या एखाद्या कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे शब्द दिसतात. ते अरबी अंक आहेत : एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे त्या काळी दप्तरात चालणाऱ्या सुहूर सनाचे ११६१ वे वर्ष. हा सन मृगापासून, जूनच्या सुरुवातीला, बदलतो, म्हणून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवले की इसवी सन निघतो. ११६१ हे पानिपतचे वर्ष. पुण्याच्या ब्राह्मण पेशव्याचा मराठी कागद, त्यावरचा सन अरबी, महिना बहुधा हिजरी आणि मजकुरात फारसी शब्दांची रेलचेल! मिल यांच्या तीन कप्प्यांपैकी हा कागद कोणत्या कप्प्यात घालायचा, हे आपल्या मुलीला जरूर विचारा. ते कप्पे मोडायला भाषण लागत नाही, कागदावरची तारीख पुरते. मात्र इंग्रजांचे कप्पे नाकारून ज्यांना आपापले नवे कप्पे करायचे आहेत, त्यांचीही हीच तारीख अडचण करते.

शिवाय नव्याने लिहायचा तो ‘आपला’ इतिहास एकच आहे, असेही नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला आणि न्यायमूर्ती रानडे यांचा मराठी सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ १९०० साली आला. दोघेही महाराष्ट्राचेच, पण दोघांचे शिवाजी महाराज सारखे नाहीत. हे दोन्ही जिला एका टेबलावर ठेवून वाचता येईल, तिला कोणत्याही गोटात ओढणे सोपे जाणार नाही.

आता पोटापाण्याचे. महाविद्यालयात पूर्णवेळ प्राध्यापक व्हायचे तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि आता व्यवहारात पीएच.डी.सुद्धा लागते. जागा थोड्या निघतात, आणि तोपर्यंत अनेकांना तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवावे लागते. हे मी गोड करून सांगणार नाही. पण इतिहासाच्या पदवीला लिपी आणि भाषेची जोड असलेले उमेदवार कमी आहेत. २०२३मध्ये जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायचे काम निघाले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती निकड भासली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. पुराभिलेखागारे, वस्तुसंग्रहालये, हस्तलिखितांचे जतन, प्रकाशनसंस्था ही क्षेत्रे आहेतच. शिवाय उद्योगसमूहही आता स्वतःचे दप्तर सांभाळू लागले आहेत. विक्रोळीचे गोदरेज आर्काइव्ह्ज तर आपल्या मुलुंडपासून लोकलने काही स्थानकांवरच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेखविद्येची एक वर्षाची पदविका मिळते. पगार आपल्या बँकेसारखे नसतील, हे गृहीत धरूनच हिशेब करावा.

माझा सल्ला असा, की कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, एम.ए.चा अर्ज तिने जरूर भरावा, पण त्याआधी मोडी शिकायला लागावे. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. काळाघोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, जिथे संचालनालयाचे दप्तर आहे, तिथे वर्गाची चौकशी आपण दोघांनी मिळूनच करावी. फारसी दोन वर्षांनी सुरू केली तरी चालेल. डफ यांनी आपण वापरलेल्या काही हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीत, ठेवल्याचे नोंदवले आहे. ती संस्था टाउन हॉलमध्ये, एल्फिन्स्टनच्या इमारतीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. परत येताना टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून तिला एवढे विचारा, की त्या नकलांचा माग काढायचा झाला तर ती सुरुवात कुठून करील. तिने काय उत्तर दिले, ते मला अवश्य कळवावे.

आपला,
करिअर समुपदेशक