सर्दी-तापावर कसलं आलंय संशोधन?

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी टीवाय बीएस्सीला, विषय मायक्रोबायोलॉजी. डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, गुण कमी पडले. आता म्हणते, फ्लू झाल्यावर शरीर कसं लढतं त्यावर संशोधन करायचंय. आई विचारतात, "सर्दी-तापावर कसलं संशोधन? तिचे बाबा म्हणतात, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा कर, सरकारी जाहिरात निघाली की चिकटशील."

ताई, आधी सर्दीची बाजू घेते. भारतात बहुतेक ठिकाणी फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, काश्मीरसारख्या भागात हिवाळ्यात. आपल्याकडे चतुर्थीला घर भरलं की आठवड्यात निम्मे लोक अंथरुणावर. विषाणू तोच, पण नातू दोन दिवसांत अंगणात आणि आजोबा पंधरा दिवस खोकतात. असं का, हाच तुमच्या लेकीचा विषय.

यात गंमत स्मृतीची आहे. लहानपणी पहिल्यांदा फ्लूचा जो प्रकार होतो, त्याची छाप शरीर जन्मभर बाळगतं, आणि पुढे नवा प्रकार आला तरी जुन्याच ओळखीवर प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी रक्तातली प्रथिनं, अँटीबॉडीज) काढत बसतं. थॉमस फ्रान्सिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० साली हे मांडलं. १९१८ च्या साथीतून वाचलेल्या, ९१ ते १०१ वर्षांच्या माणसांचं रक्त पुढे तपासलं, तर त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं त्यात अजून होती. हा अभ्यास २००८ साली छापून आला. उलट विषाणू मात्र अंगावरची प्रथिनं सतत थोडी थोडी बदलतो. म्हणून लशीत कोणते प्रकार घालायचे हे जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा ठरवावं लागतं. कामाला तोटा नाही.

पण रोजचं काम कसं असतं तेही ऐका. प्रतिपिंडं मोजायची एक चाचणी १९४१ पासून चालत आलीय: प्लेटच्या खळग्यांत विषाणू, रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) आणि कोंबडीच्या रक्तपेशी घालायच्या. प्रतिपिंडं पुरेशी असतील तर पेशी तळाला बटणासारख्या बसतात, नसतील तर जाळं पसरतं. अशी शेकडो बटणं मोजायची. एमएस्सीला असताना माझी एक एलायझा (ही अशीच दुसरी चाचणी) प्लेट तीनदा फसली, तेव्हा मी समुपदेशनाकडे वळले. तुमच्या लेकीला चौथ्यांदा प्लेट लावावीशी वाटेल का, ते बघायला हवं. आणि संख्याशास्त्र! मायक्रोबायोलॉजीच्या मुली गणिताला टाळून इथवर येतात, इथे ते गाठतंच. आत्तापासून 'आर' (R) ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकू दे.

बाबांची काळजी मात्र खोटी नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, पुढे पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, आणि कायमच्या जागा थोड्या. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. म्हणजे घरावर भार नाही. पण या विषयासाठी गोवा सोडायची तयारी हवी. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. ते नाहीच जमलं, तर पुण्यातल्या लस कंपन्या किंवा इथले गोव्यातले वेर्ण्याचे औषध कारखाने आहेत, एमएस्सीवाले तिथेही लागतात. डिप्लोमा वाईट नाही, पण तिथे रिपोर्ट द्यायचा असतो; तो असा का आला हे विचारायला कुणी सांगत नाही. या मुलीला तेच विचारायचंय.

म्हणून पीएचडीचं आज ठरवूच नका. आत्ता फक्त एमएस्सी. ताळगावच्या गोवा विद्यापीठात अर्ज करा आणि गॅट-बी ही जैवतंत्रज्ञानाच्या एमएस्सीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षाही द्यायला लावा, म्हणजे बाहेरच्या विद्यापीठांचीही दारं उघडतील. पहिल्या वर्षी विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करायचा: दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत. तिथून ती कंटाळून परतली तर बाबांचा डिप्लोमा कुठे पळून जात नाही. नीटची तिसरी फेरी मात्र नको.

तोवर तिने एखाद्या प्राध्यापकांना ईमेल करून छोटा प्रोजेक्ट मागावा. सहा ओळी पुरेत: कुठल्या वर्षाला, कोणत्या चाचण्या हाताने केल्यात, त्यांच्या कामातलं काय वाचलं, कधी मोकळी आहे. गुणपत्रिका जोडायची, नीटची गोष्ट सांगायची नाही. आठवड्यात उत्तर नाही आलं, तर सरळ विभागात जाऊन भेटायचं.