आडेलहाइट: एका जर्मन नावाची ॲलिस, हायडी आणि ॲडलेड ही रूपे

आपण विचारले आहे की, जर्मनीत राहणाऱ्या आपल्या भाचीच्या मुलीला तिच्या जर्मन पणजीचे आडेलहाइट हे नाव ठेवायचे ठरले आहे, तर त्याचा अर्थ काय, ते ‘अदिती’चेच रूप आहे असे घरात कोणी म्हणते ते कितपत खरे, आणि हाक मारायला सोपे असे त्याचे कोणते रूप घ्यावे. युरोपीय नावांच्या व्युत्पत्तीचे वाचन मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि या नावाइतके वेश बदललेले दुसरे स्त्रीनाव मला क्वचितच भेटले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम अर्थ. प्राचीन उच्च जर्मन भाषेतील ‘आडाल’ म्हणजे कुलीन, उच्च कुळातील, आणि ‘हाइट’ म्हणजे रीत, प्रकार, स्थिती. हाच दुसरा शब्द पुढे प्रत्यय झाला आणि आजच्या जर्मनमध्ये ‘फ्राय’ (स्वतंत्र) पासून ‘फ्रायहाइट’ (स्वातंत्र्य) बनवतो. आपल्या ‘मोठेपणा’तील ‘पणा’ जे काम करतो तेच त्याचे काम. त्यामुळे नावाचा अर्थ ‘कुलीनता’ किंवा ‘थोरपणा’ असा सांगता येतो. मात्र बाळांच्या नावांच्या यादीत हा अर्थ ज्या ठामपणे छापलेला असतो, तेवढा ठामपणा मला पटत नाही. जुन्या जर्मानिक समाजात (म्हणजे जर्मन, इंग्रजी, डच या भाषांच्या पूर्वजांच्या समाजात) नावे दोन घटक जोडून बनत आणि वडीलधाऱ्यांच्या नावातला एखादा घटक मुलांच्या नावात आणण्याची प्रथा होती; जोडाचा एकत्रित अर्थ नीट लागलाच पाहिजे, असा आग्रह नसे.

अदितीशी या नावाचा संबंध नाही. ‘अदिती’ म्हणजे बंधन नसलेली, आणि त्यातला ‘अ’ नकारार्थी आहे. आडेलहाइटमधला ‘आ’ तसा नाही. संस्कृतशी नाते आहे, पण ते नावाच्या दुसऱ्या टोकाला. गॉथिक या लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेत ‘हाइट’चे जुने भावंड ‘हायदुस’ असे सापडते आणि भाषाशास्त्रज्ञ त्याची सांगड वैदिक ‘केतु’शी घालतात, ज्याचा अर्थ तेज, खूण, ध्वज असा आहे. मूळ ‘क’चा जर्मानिक भाषांत ‘ह’ होतो, हा नियम येथेही लागू पडतो. तेव्हा घरच्यांना नाते जोडायचेच असेल, तर केतूशी जोडावे. अर्थात आपल्याकडे केतू म्हटले की लोकांना पत्रिकेतला ग्रह आठवतो, हे लक्षात ठेवून.

नाव मोठे झाले ते दहाव्या शतकातील सम्राज्ञी आडेलहाइटमुळे. बर्गंडीचा राजा दुसरा रुडॉल्फ याची ही मुलगी. इटलीचा राजा लोथार हा तिचा पहिला पती. तो 950 मध्ये वारल्यावर इटलीतील सरदार बेरेंगार याने सत्ता घेतली आणि तिला कैदेत टाकले. तेथून ती निसटली आणि 951 मध्ये जर्मन राजा पहिला ओटो याच्याशी तिचा विवाह झाला. 962 मध्ये रोममध्ये दोघांना सम्राट आणि सम्राज्ञी म्हणून राज्याभिषेक झाला. पुढे नातू तिसरा ओटो लहान असताना तिने राज्यकारभारही पाहिला. तिच्या आणि ओटोच्या नावाची चांदीची नाणी मोठ्या संख्येने पाडली गेली, आणि त्यांवर तिच्या नावाची अक्षरे इतकी उलटसुलट पडलेली आहेत की ते नाव आहे हे आधी माहीत असावे लागते. 16 डिसेंबर 999 रोजी आल्सासमधील सेल्त्स येथे ती वारली आणि 1097 मध्ये पोप दुसरा अर्बन याने तिला संत घोषित केले. संताचे नाव म्हटल्यावर ते राजघराण्यांबाहेरही पोहोचले.

आता ॲलिसकडे वळतो, कारण सर्वांत मोठा कायापालट तेथे झाला. लॅटिन दस्तऐवजांत हे नाव ‘आडालहाइदिस’ असे लिहिले जाई. जुन्या फ्रेंचमध्ये दोन स्वरांमधला ‘द’ हळूहळू गळून पडला आणि ‘आदलाइस’चे ‘आअलिस’, पुढे नुसते ‘आलिस’ झाले. मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. संस्कृत ‘पाद’चा आपण ‘पाय’ केला, ‘सूची’ची ‘सुई’ केली, ती याच वाटेने. 1066 मध्ये फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर हे रूप इंग्लंडमध्ये गेले आणि तेथे ॲलिस झाले. ॲलिसन हे त्याचे लाडके रूप. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याची दुसरी राणी, लूवेनची आडेलिझा, निरनिराळ्या कागदांत आडेलिझा, आडेलिसिया आणि ॲलिस अशा नावांनी आढळते. ॲलिस हे नाव आपल्या वसईत आणि गोव्यातही ख्रिस्ती घरांत अगदी ओळखीचे आहे.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग पुढचा आहे. व्हिक्टोरिया राणीची मुलगी ॲलिस 1862 मध्ये जर्मनीतील हेसच्या राजघराण्यात दिली गेली. तिच्या नावाचा उच्चार जर्मन लोक इतका बिघडवत की 1872 मध्ये झालेल्या आपल्या मुलीचे नाव तिने मुद्दाम ‘आलिक्स’ ठेवले. जर्मनीतून निघालेले नाव आठशे वर्षांनी माहेरी परतले आणि माहेरच्यांनाच ते उच्चारता येईना! ही आलिक्स पुढे रशियाची शेवटची सम्राज्ञी अलेक्झांड्रा झाली, आणि त्यामुळे आलिक्स हे अलेक्झांड्राचेच लघुरूप असल्याचा गैरसमज आजही पसरलेला आहे.

ज्या रूपात ‘ड’ टिकला ते ॲडलेड. सॅक्स-माइनिंगेनची आडेलहाइट ब्रिटनचा राजा चौथा विल्यम याची राणी झाली आणि 1836 मध्ये वसवलेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील शहराला तिचेच नाव दिले गेले. आपल्याला ते 2003 मधील द्रविडच्या 233 धावांमुळे आणि अजित आगरकरच्या सहा बळींमुळे ठाऊक आहे. 2020 मधल्या 36 धावांचा विषय नको. नेदरलँड्समध्ये आलेइडा आणि आलिडा, उत्तर जर्मनीत एल्के, अशी आणखी भावंडे आहेत. आडेल मात्र सख्खे भावंड म्हणता येणार नाही, कारण ‘आडाल’ने सुरू होणाऱ्या कोणत्याही नावाचे ते लघुरूप असू शकते.

हायडी हे नाव जगभर गेले ते योहाना स्पिरी या स्विस लेखिकेच्या 1880 च्या कथेमुळे. त्यात फ्रँकफर्टच्या घरातली कडक बाई मुलीला नाव विचारते, ‘हायडी’ हे ख्रिस्ती बारशाचे नाव असूच शकत नाही असे म्हणते, आणि मग तिचे खरे नाव आईप्रमाणेच आडेलहाइट असल्याचे सांगितले जाते.

म्हणून आपल्या भाचीला माझा सल्ला असा की, कागदोपत्री पणजीचे नाव पूर्ण ठेवावे आणि घरात हायडी म्हणावे. मराठी आजीआजोबांच्या जिभेला ते सहज जमेल. ॲलिस व्युत्पत्तीने तेच नाव असले, तरी पणजीला त्या हाकेत आपले नाव ऐकू येणार नाही, म्हणून ते टाळावे. एक बारकावा राहिला. रोमन लिपीत नावाच्या अखेरीस ‘ड’चे अक्षर असते, पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी त्याचा उच्चार ‘ट’ होतो आणि जोर पहिल्या ‘आ’वर येतो. बारशाला आत्या कानात नाव सांगणार असतील, तर त्यांना ‘आडेलहाइट’ असेच सांगायला सांगावे.